नव्या मडक्यातली पेज

आमच्या कर्जतकडे भात जेवल्याशिवाय जेवण झाले असे कोणी म्हणत नाही. त्या वर्षी आमच्या खळ्यावर भाताच्या उडव्या रचलेल्या होत्या, अंगणभर नव्या पेंढ्याचा वास सुटला होता आणि माझी आई मात्र चुलीपुढे बसून नाचणीची भाकरी मिठाच्या पाण्यात बुडवून गिळत असे. गिळत असे म्हणतो, कारण खाणे त्याला म्हणता येत नव्हते. तिच्या अंगात ताप मुरला होता. भाकरीचे दोन घास पोटात जात आणि थोड्या वेळाने ती उठून परसात जाई. गावच्या वैद्यबुवांनी बजावून सांगितले होते की हिला तांदळाची पेज द्या, दुसरे काही पोटात ठरणार नाही. पण नेमकी पेजच ती घेणार नव्हती, आणि त्याचे कारण मी होतो.

पावसाळ्यात मी मुंबईस कॉलेजात असताना मला हिवताप लागला. सोबत्यांनी आगगाडीत बसवून दिले म्हणून घरी पोचलो. नंतरचे बरेच दिवस मला नीट आठवत नाहीत. भाताचे एक शीतही पोटात टिकत नव्हते, एवढे मात्र आठवते. त्या दिवसांत आई घाटावरच्या भीमाशंकराला नवस बोलली होती. पोराच्या पोटात भात टिकू दे; नवे पीक हाती आले की पहिले तांदूळ त्याच्याच पाठीवरून तुझ्या पायाशी पाठवीन, आणि तिथून प्रसाद येईपर्यंत माझ्या तोंडात शीत जाणार नाही. मी हळूहळू उठून बसू लागलो, भात खाऊ लागलो. मग माझा ताप जणू वाट चुकून तिच्याकडे गेला. ती खंगत चालली तरी नवस काही ढळला नाही.

माझ्या मनाची तेव्हाची स्थिती सांगायला संकोच वाटतो. आमच्या कुळात अक्षर ओळखणारा मी पहिला. कॉलेजात देव आहे की नाही यावर मुले तावातावाने बोलत आणि मी गप्प बसून ऐके. तिथे देव मानतो म्हणायची मला लाज वाटे आणि घरी मानत नाही म्हणायची भीती वाटे. खरे काय होते ते माझे मलाच ठाऊक नव्हते. पण आईच्या हाताची हाडे दिसू लागली होती, आणि तिच्या तोंडात भात जाण्याची वाट डोंगरावरून जात होती. एवढे कळायला श्रद्धा लागत नव्हती. म्हणून मी निघायचे ठरवले. माझा ताप अजून पाळीने येतच होता. मुंबईहून आणलेल्या हिवतापावरच्या कोयनेलच्या पुड्या केव्हाच संपल्या होत्या.

तांदूळ आईने स्वतःच्या हाताने कांडले. दर थोड्या वेळाने मुसळ धरून ती तशीच उभी राही आणि श्वास सावरला की पुन्हा कांडू लागे. मोडका दाणा वेचून बाजूला केला आणि बाकीचे वडिलांच्या जुन्या धोतराच्या धुतलेल्या तुकड्यात बांधले. वडील उंबऱ्यावर बसून बघत होते.

"हळद लाव गं फडक्याला," ते म्हणाले. "देवाचं हाय ते वळखू तरी येईल."

"ज्याचं हाय त्याला वळखू येतंय," आई म्हणाली. "तुमी गप बसा."

मग गाठोडे माझ्या पाठीशी बांधताना तिने नियम सांगितला. घरातून निघाल्यापासून देवाच्या पायाशी जाईपर्यंत ते जमिनीला लागू द्यायचे नाही. दमलास तर झाडाच्या फांदीला अडकव, नाहीतर मांडीवर घे. पण भुईला नको. मी मान हलवली. एवढ्याशा तांदळाचे ओझे ते काय, असे मला वाटले होते.

कार्तिक महिना होता. वडील मला ओढ्यापर्यंत पोचवून झोडणीसाठी परत फिरले. गावामागून गाव मागे पडू लागले. सगळीकडे खळी चालू होती, भात झोडल्याचा आवाज एका वावरातून दुसऱ्यात ऐकू येई. कशेळ्याजवळ एका खळ्यावर पाणी मागायला थांबलो. तिथल्या बायामाणसांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

"बस की रं जरा," एक बाई म्हणाली. "ठेव ते गाठोडं."

"नको, उभाच बरा आहे," मी म्हणालो.

"उभ्यानं पानी पितंय आनि गाठोडं सोडीत नाय," एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला. "सासुरवाडीला चाललाय वाटतं. आत लाडू असतील."

"लाडू असतं तर तोंड असं पडलं असतं का?" ती बाई म्हणाली, आणि सगळे हसले.

मी भीमाशंकराचे नाव घेताच हसणे थांबले. म्हाताऱ्याने डोक्याचे मुंडासे सारखे केले आणि माझ्या पाठीवरच्या गाठोड्याला लांबूनच हात जोडले. "आमचं बी सांग रं त्याला," एवढेच तो म्हणाला. काय सांगू, हे विचारायला मी थांबलो नाही. पुढे चालताना मात्र वाटले की, ज्याच्याशी स्वतःचीच ओळख धड नाही त्याच्याकडे मी दुसऱ्याचे निरोप घेऊन चाललो आहे.

थकवा कसा असतो ते मला त्या दिवशी कळले. दमलेला माणूस बसतो, पाठ टेकतो आणि ओझे बाजूला ठेवतो. यातले शेवटचे मला करता येत नव्हते, आणि ते करता येत नसल्यामुळे पहिली दोन्हीही धड होत नव्हती. कधी गाठोडे मांडीवर घेऊन बसे, कधी फांदीला अडकवून खाली उभा राही, आणि फांदी मोडेल की काय म्हणून वरच बघत राही. माझी स्वतःची शिदोरी दुपारीच संपली होती. खांडसच्या पुढे शेते संपली आणि चढ सुरू झाला. समोर घाटाचा कडा भिंतीसारखा उभा होता. वाटेच्या दोन्ही अंगांना कारवी माजली होती आणि माणूस दिसत नव्हते.

ऊन कलायला लागले तेव्हा पाठीच्या कण्यातून थंडी वर चढली. तापाची पाळी दुसऱ्या दिवशी येईल असा माझा अंदाज होता, तो चुकला. दात वाजू लागले. एका आंब्याखाली बसलो, गाठोडे पाठीवरून सोडून छातीशी घेतले आणि दोन्ही हातांनी धरले. फांदीला अडकवायला हात वर जाईनात. त्या वेळी मी देवाचे नाव घेतले असे सांगता आले असते तर बरे वाटले असते, पण मी घेतले नाही. "मला उचला," एवढेच मी म्हणाल्याचे आठवते. कोणाला म्हणालो ते मला माहीत नाही. गाठोडे निसटून खाली पडेल या भीतीने मी बोटे एकमेकांत अडकवली, आणि त्यानंतर काही कळले नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा तोंडात काहीतरी ऊन, पातळ, किंचित खारट उतरत होते. डोळे उघडण्याआधीच मी ते गिळले. पुन्हा तोंडाशी आले, पुन्हा गिळले. इतके चवदार काही मी त्याआधी खाल्ले नव्हते आणि त्यानंतरही खाल्ले नाही. कुडाच्या भिंतीतून सकाळचे ऊन आत येत होते. आदिवासी ठाकरांच्या वाडीतले ते घर होते. एक म्हातारी माझे डोके मांडीवर घेऊन पानाच्या द्रोणातून मला पाजत होती, आणि तिची सून चुलीपाशी बसून बघत होती. काल सांजेला दोघी लाकडाच्या मोळ्या घेऊन येताना त्यांना मी दिसलो. मोळ्या तिथेच टाकून त्यांनी मला घरी आणले होते.

"गिळतोय गं," म्हातारी सुनेला म्हणाली. "मी म्हनलं नव्हतं, तांदळाचा वास नाकात गेला की जागा व्हईल?"

तांदळाची, हा शब्द मला जरा उशिराच कळला. डोंगरावरच्या वाडीत तांदूळ कुठले? मी मान वळवून बघितले. माझे गाठोडे वर आढ्याच्या वाशाला टांगलेले होते, आणि त्याची गाठ आईने मारली होती तशी नव्हती.

"आजी," मी म्हणालो, "पेज कशाची केली?"

"तुझ्याच तांदळाची," ती सहज म्हणाली. "तुमी खालची मान्सं. आमच्या घरचं तुमाला चालत नाय, मला ठावं हाय. बाटवलं म्हनशील उद्या. म्हनून तुझंच तांदूळ घेतलं, नवं मडकं काडलं, पानी बी झऱ्याचं आनलं. आमचं कायसुद्दा लागलं नाय त्याला. तू सुखानं पी."

मी रडू लागलो. ती घाबरली. तिला वाटले, विटाळ झाला म्हणून रडतोय. ती पुन्हा पुन्हा नव्या मडक्याचे सांगू लागली. मग मी तिला अडखळत सगळे सांगितले. ते तांदूळ माझे नाहीत, देवाचे आहेत. आईने त्यांच्यासाठी भात सोडला आहे. ते देवाच्या पायी जायच्या आत मीच खाऊन बसलो. आता आईने काय करायचे? मी बोलत असता म्हातारीचा चेहरा उतरत गेला. तिने द्रोण खाली ठेवला आणि स्वतःचे हात पदराला पुसले, पुसतच राहिली. तिच्या मनात माझी जात राखायची होती, आणि ती राखताना देवाचे गाठोडे फुटले होते. आम्हा खालच्या माणसांचे नियम तिने आमच्याहून अधिक सांभाळले होते. तिला दोष द्यावा असा एक शब्दही मला सापडेना.

मग म्हातारी उठली, तिने कोपऱ्यातल्या कणगीआडून एक लहानशी टोपली काढली. त्यात नवी वरी होती, कांडून स्वच्छ केलेली. वर एक रानफूल ठेवलेले होते.

"अगं आये, ती आपल्या देवाची हाय," सून म्हणाली. "अजून दाखवली नाय. आपन बी तोंडात घातली नाय."

"मला दिसत नाय व्हय?" म्हातारी तिच्यावर खेकसली. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "हे ने. तुझ्या देवाचं आमी काडलं, आमच्या देवाचं तू ने. आमचा देव घरचाच हाय रं, तो थांबल. तुझ्या आयला थांबता याचं नाय."

तिने गाठोडे खाली घेतले, पण जमिनीवर ठेवले नाही. सुनेच्या हातात धरायला दिले आणि उरलेल्या तांदळांत ती वरी ओतली. मी विचारले, काल गाठोडे वर का टांगले? "मुंग्या लय झाल्यात," ती म्हणाली. मग मी आणखी एक द्रोण पेज मागून घेतली. आता उरलेली टाकून काय होणार होते? आणि खरे सांगायचे तर मला भूक लागली होती.

घाट मी कसा चढलो ते सविस्तर सांगण्यासारखे नाही. एक पाय टाकायचा, थांबायचे, दुसरा टाकायचा. खाली खोल कुठेतरी खोऱ्यात धुके होते. वर दाट रान लागले, तिथे ऊन पोचत नव्हते आणि हिरड्यांचा सडा पडला होता. मनात एकच हिशेब चालला होता की आईला काय सांगायचे. वाटेतले कोणाला कळणार नव्हते. गाठोडे वाहिले, प्रसाद आणला, एवढेच म्हटले की ती जेवेल. खोटे बोलून तिला जगवता येत होते. खरे बोललो तर नवस मोडला म्हणून ती पुढच्या पिकापर्यंत थांबेल, आणि पुढचे पीक ती बघेल की नाही याची मला खात्री नव्हती.

देवळात पोचलो तेव्हा आता काहीतरी होईल असे मनाच्या एका कोपऱ्यात वाटत होते. काहीच झाले नाही. गाभाऱ्यात अंधार, ओल आणि बेलाचा वास होता. घाटावरच्या गावांची माणसे दाटीने उभी होती. मी गुरवाला अडखळत सांगू लागलो की, यातले थोडे वाटेत मी... पण त्याने गाठोडे माझ्या हातातून घेतले आणि पिंडीपुढच्या धान्याच्या राशीत मोकळे केले. तांदूळ, वरी, कोणाची बाजरी, कोणाचे उडीद, सगळे एक झाले. त्याच राशीतून त्याने ओंजळभर माझ्या फडक्यात टाकले आणि म्हणाला, "फुडं सरका, मागं मानसं खोळंबल्यात." मी नमस्कार केला तो नुसताच. मागायचे ते सुचले नाही, खळ्यावरच्या त्या म्हाताऱ्याचा निरोपही आठवला नाही. डोके पायरीला टेकले तेव्हा दगड गार लागला आणि तिथेच झोपावेसे वाटले. एवढाच माझा देवदर्शनाचा अनुभव.

उतरताना वाडीत थांबलो. ओंजळीतला प्रसाद अर्धा म्हातारीच्या हातावर घातला. तिने तो कपाळाला लावला, रिकाम्या टोपलीत ठेवला आणि सुनेला म्हणाली, "घे, आला आपला देव बी जाऊन." मग ती हसली. तिच्या तोंडात दातच नव्हते.

घरी पोचलो तेव्हा आई ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. माझ्याकडे न बघता आधी तिने गाठोड्याकडे बघितले. वडिलांनी खळ्यावरून हाक दिली, "आला का गं?" मी तिच्यापुढे बसलो. खोटे बोलायची तयारी मी घाटभर केली होती, पण तिचे डोळे बघितल्यावर ती तयारी कुठे गेली कळले नाही. मी सगळे सांगितले. ताप, आंबा, मोळीवाल्या बाया, नवे मडके, पेज, वरी. ठाकरांच्या घरात जेवलो हेही लपवले नाही. सांगून झाल्यावर खाली मान घालून बसलो.

तिने विचारले, "जमिनीला लागलं व्हतं का?"

"नाय. तिनं आढ्याला टांगलं होतं."

"तिला कुनी सांगितलं तसं?"

"कुणी नाय. मुंग्या झाल्या होत्या म्हणून."

आई आढ्याकडे बघत राहिली, जणू गाठोडे आमच्याच घरात टांगले होते. मग म्हणाली, "मी देवाजवळ काय मागितलं व्हतं रं?"

मी मान वर करून तिच्याकडे बघितले.

"तुझ्या पोटात भात टिकू दे, असं मागितलं व्हतं. ती पेज टिकली का?"

"टिकली, आये."

"मंग?"

एवढेच. तिने माझ्या हातातले गाठोडे घेतले आणि सहज, काही विचार न करता, शेजारी जमिनीवर ठेवले. ते जमिनीवर टेकलेले बघून मी ते उचलायला हात पुढे केला, आणि मग एकदम हलके वाटले. इतक्या वेळात माझ्या खांद्यांना पहिल्यांदाच सुटल्यासारखे झाले. ती भिंतीला धरून उठली. तांदूळ तिनेच धुतले, पेज तिनेच लावली. मला चुलीपाशी येऊ दिले नाही. पेजेत वरीचे बारीक दाणे होते आणि कोणाची तरी बाजरीही होती. तिने पहिला घोट घेतला, डोळे मिटून थांबली, आणि पोटाला विचारल्यासारखा पोटावर हात ठेवला. मी आणि खळ्यावरून आलेले वडील बघत होतो. तिने दुसरा घोट घेतला.

"त्या म्हातारीचं नवं मडकं गेलं की आपल्यापायी," ती म्हणाली. "बाजारातनं एक घिऊन जा तिला. चांगलं वाजवून घे."

ते मडके मी नेऊन दिले. आई पौषापर्यंत सावरली आणि मी कॉलेजात परत गेलो. देव आहे की नाही यावर तिथली मुले अजूनही बोलतात आणि मी अजूनही गप्पच बसतो, पण आता लाजून नव्हे. त्या आंब्याखाली मी हाक मारली ती कोणाला, हे मला आजही सांगता येत नाही. ज्यांनी ऐकली त्या दोघींच्या डोक्यावर मोळ्या होत्या, एवढे मला माहीत आहे. देवाचे म्हणून मी जे जिवापाड धरून ठेवले होते ते माझ्या हातून सुटल्यावरच मला उचलले गेले. धरायचे तेवढे माणसाने धरावे आणि बोटे सुटली की सुटू द्यावीत. पुढचे धरणारे हात आपल्या ओळखीचे असतीलच असे नाही. दर कार्तिकात आई नवे तांदूळ बांधते. वडील अजून म्हणतात, हळद लाव. ती अजून लावत नाही. गाठोडे घेऊन मी निघतो, आणि वर चढण्याआधी वाडीत थांबून त्यातली पहिली मूठ म्हातारीच्या मडक्यात घालतो.